घरातून ऑनलाइन इंग्रजी शिकवायचंय? आधी घराचं घड्याळ मांडा

बी.ए. नाहीतर एम.ए. इंग्रजीत झालेलं, कपाटात बी.एड.चं प्रमाणपत्र, संस्थेवर लागायचं तर आकडा ऐकूनच माघारी यायची वेळ, लेकरं लहान, आणि पुण्याला जाऊन राहणं जमण्यासारखं नाही. मराठवाड्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. काही घरांत दिवसा एखाद्या कंपनीचं काम लॅपटॉपवर चालू असतं आणि संध्याकाळच्या दोन तासांत ऑनलाइन शिकवणी घेता येईल का, असा विचार डोक्यात असतो. हे त्यांच्यासाठी लिहितेय. इंग्रजी कसं शिकवावं यावर हवं तेवढं साहित्य मिळतं. शिकवणी चालू असताना भाकरी कोण टाकणार, यावर कोणी लिहीत नाही. म्हणून माझा भर तिकडे जास्त राहील.

माझं एक मत आधीच सांगते. विद्यार्थी गोळा करून मग त्यांच्या सोयीने वेळ लावत बसलात, तर दिवाळीपर्यंत घर तुमच्यावर आणि तुम्ही घरावर वैतागलेले असाल. आपल्याकडे विकायला वेळ किती आहे ते आधी ठरवा. तेवढाच विका.

सुरुवातीआधीची तपासणी

तुम्ही शाळेत शिक्षक असाल तर इथेच थांबा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. ऑनलाइन आहे, नवऱ्याच्या नावावर आहे, असल्या पळवाटांत पडू नका.

घरून नोकरी करत असाल तर नेमणूकपत्र काढून वाचा. बऱ्याच कंपन्या दुसरं उत्पन्नाचं काम करायला लेखी परवानगी मागतात. परवानगी असली तरी कंपनीचा लॅपटॉप शिकवणीला वापरायचा नाही. त्यात तुमच्या विद्यार्थ्यांची नावं, फोटो राहणं बरं नव्हे.

'ऑनलाइन टीचिंगची नोकरी, आधी दोन हजार नोंदणी भरा' अशा जाहिराती आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर रोज फिरतात. काम देणारा पैसे मागत नसतो. आणि यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. 'फी पाठवतो, पिन टाका' म्हणणारा चोरच समजा. फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

पायरी पहिली: आठवड्याचा कागद

एक मोठा कागद घ्या. त्यावर घराचा आठवडा जसा आहे तसा मांडा, जसा असावा तसा नको. लेकराची शाळेची रिक्षा किती वाजता येते, सासऱ्यांची गोळी, मशीन लावायचे दिवस, बाजाराचा वार, एकादशी, नवऱ्याची शिफ्ट, सगळं. आणि नळ. बाहेरच्यांना हसू येईल, पण आपल्याकडे नळाला पाणी यायची वेळ हीच घराची खरी वेळापत्रिका असते. संभाजीनगरात पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, आणि आलं की घरातलं प्रत्येक माणूस हातातलं सोडून टाक्या भरायला धावतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं पाहिलेल्या लातूरकरांना तर सांगायलाच नको. त्या वेळेला तास ठेवायचा नाही. ठेवावाच लागला तर मोटार कोण लावणार आणि पाइप कोण धरणार, ते नावासकट कागदावर लिहा.

कागद भरला की दिसतं की बहुतेक घरांत मोकळ्या पट्ट्या दोनच असतात. एक दुपारी जेवणं आवरल्यावर, साधारण दोन ते साडेचार. दुसरी संध्याकाळी सहा ते आठ, पण ही मोकळी दिसते तेवढी नसते. याच वेळी स्वतःच्या लेकरांचा अभ्यास, देवाचा दिवा, चहा आणि भाकरीची तयारी येते.

आता या पट्ट्यांना विद्यार्थी जुळवा. इथली शाळकरी मुलं संध्याकाळीच मोकळी होतात. नोकरी करणारी मोठी माणसं रात्री साडेआठनंतर, नाहीतर पहाटे. परदेशातल्यांचं गणित वेगळं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे आपले साडेसहा. जपान साडेतीन तास पुढे. तिथले संध्याकाळी साडेसहा म्हणजे आपल्या दुपारचे तीन. म्हणजे आपली रिकामी दुपार जपानच्या संध्याकाळला बसते, हे फार कमी जणींच्या लक्षात येतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळचे सात मात्र आपल्याकडे पहाटेचे साडेचार असतात आणि हिवाळ्यात साडेपाच, कारण ते लोक मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं सरकवतात. तिकडचं लेकरू घेतलंत तर तुमची झोपही वर्षातून दोनदा सरकेल. दिवसभर दुसरं काम असेल तर पहाटेचे तास पहिल्या वर्षी घेऊ नका, मग डॉलर कितीही गोड वाटोत.

पहिल्या तीन महिन्यांसाठी आठवड्याला सहा-सात तास पुरे. कमी वाटेल. पण चाळीस मिनिटांच्या एका तासामागे वीस मिनिटांची तयारी आणि दहा मिनिटं पालकांच्या निरोपांना जातात. म्हणजे घरातून खरं जातं ते सव्वा तासाच्या आसपास.

पायरी दुसरी: कोणाला शिकवायचं

नवीन माणसाची नजर आधी परदेशी साइटवर जाते. प्रेप्ली, आयटॉकी यांसारख्या ठिकाणी घरबसल्या अर्ज करता येतो, हे खरं. पण अटी वाचा. प्रेप्लीवर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चाचणी तासाचे सगळे पैसे कंपनी ठेवते. पुढे कमिशन ३३ टक्क्यांपासून सुरू होतं आणि तुमचे तास वाढतील तसं १८ टक्क्यांपर्यंत उतरतं. तिथे तुमची गाठ साऱ्या जगातल्या शिक्षकांशी पडते. सहा महिने अनुभव घेऊन तिकडे जायला हरकत नाही, दुपारची पट्टी रिकामी असेल तर जरूर जा. सुरुवात मात्र मराठी घरांतून करा.

कारण साधं आहे. मराठी लेकरू चुकतं कुठे, हे तुम्हाला आतून माहीत आहे. 'आय मँगो ईट' म्हणणाऱ्या मुलाच्या डोक्यात क्रियापद शेवटी बसलंय. 'डिड यू वेन्ट' म्हणणारी मुलगी भूतकाळ दोन्हीकडे लावते. 'आय अ‍ॅम हॅविंग टू सिस्टर्स' हे तर आपल्याकडे मुख्याध्यापकांच्या भाषणातही ऐकू येतं. 'अ' आणि 'द' गळतात, कारण मराठीत तशी सोयच नाही. स्कूलचं इस्कूल होतं. वेट आणि व्हेट या दोन शब्दांत ओठ वेगळे हलतात, एकात ओठांचा चंबू आणि दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला, हे आरसा घेऊन दाखवावं लागतं. परदेशी शिक्षक चूक दुरुस्त करतो, पण ती कुठून आली ते त्याला कळत नाही. तुमचा खरा माल हाच आहे. उसन्या अमेरिकन उच्चारांच्या नादी लागू नका. स्पष्ट, सावकाश आणि बरोबर बोललात की झालं.

आपल्याकडे येणारे साधारण तीन प्रकारचे. मराठी शाळेतली मुलं; यांना व्याकरणाचे नियम पाठ असतात, तोंड उघडत नाही. इंग्लिश मीडियमची लेकरं. ही फाडफाड वाचतात, अर्थ विचारला की छताकडे बघतात, कारण घरात कोणी इंग्रजी बोलत नाही. आणि मोठी माणसं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं आज आई-बाप आहेत, आणि त्यांच्या आधीच्यांनी तर एबीसीडी पाचवीत पाहिली. या मोठ्यांना शिकवणं मला सगळ्यात आवडतं. ते वेळेवर येतात, फी मागावी लागत नाही, आणि चुकल्यावर रडत नाहीत. फक्त लाजतात. त्यांच्या पहिल्या दोन-तीन तासांत कॅमेरा बंद ठेवायची मुभा द्या, बोलणं आपोआप सुटतं.

पालक 'स्पोकन पाहिजे' म्हणतात आणि घटक चाचणी झाली की मार्क विचारतात. म्हणून पहिल्याच फोनवर ठरवून घ्या: बोलणं की परीक्षा? दोन्ही हवं असेल तर आठवड्यातला एक तास पुस्तकाचा, बाकीचे बोलण्याचे. शाळेच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी मागणारेही येतील. तो पेपर तुम्ही स्वतः सोडवून पाहिल्याशिवाय हो म्हणू नका.

पायरी तिसरी: घरातल्यांशी बोलणी

या पायरीला गडबड करू नका. नेट, वीज, हेडफोन, सगळं पैशाने मिळतं. घरातल्यांची संमती पैशाने मिळत नाही, आणि एकदा घेऊन पुरतही नाही.

'मी क्लास सुरू करतेय' एवढं सांगून भागत नाही. घरच्यांच्या लेखी तुम्ही घरीच असता. शेजारच्या काकू विरजण मागायला येतात, गॅसवाला येतो, नणंदेचा व्हिडिओ कॉल येतो, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, 'घरीच तर आहेस की.' म्हणून बोलणी वेळेची करा. 'आत्याबाई, सोमवार, बुधवार, शुक्रवार सहा वीस ते सात मी या खोलीत असेन. त्या वेळेत दार वाजलं तर तुम्ही बघायचं.' असं नेमकं सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना आपल्यावर जबाबदारी दिल्यासारखं वाटतं आणि ते ती मनापासून पाळतात. माझ्या पाहण्यात अशा सासूबाई आहेत की बॅचच्या वेळेला ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गप्प करतात. मग सुनेचा आवाज आतून ऐकून संध्याकाळी 'आज ते पोरगं चांगलं बोललं' असंही सांगतात.

नवऱ्याशी बोलणी वेगळी. तिथे 'मदत कर' हा शब्द वापरू नका. मदत ही मनात आली तर करायची गोष्ट असते. कामाची वाटणी करा: तासाच्या वेळेत स्वतःच्या लेकराचा गृहपाठ त्याचा, चहा त्याचा, टीव्हीचा आवाज त्याचा. आणि तो घरून काम करत असेल तर दोघांच्या मीटिंगा त्या आठवड्याच्या कागदावर लिहा. एकाच नेटवर दोन व्हिडिओ कॉल चालले की दोघांचेही चेहरे गोठतात, मग भांडण कंपनीशी करायचं सोडून एकमेकांशी होतं.

भाकरीचं म्हणाल तर माझा उपाय सरळ आहे. भाजी आणि वरण दुपारीच करून ठेवायचं, कुकरच्या शिट्ट्या तासाच्या आधी आटपायच्या, आणि तासाच्या दिवशी जेवण साडेआठला असेल हे जाहीर करायचं. ज्यांना भूक लवकर लागते त्यांच्यासाठी चुरमुऱ्यांची सुशीला नाहीतर दुपारचे धपाटे असतात. रोज सगळं गरम आणि आठच्या ठोक्याला हवं असेल तर तवा तापवायला घरात आणखी हात आहेत. हे वाक्य भांडून बोलायचं नाही, पण गिळायचंही नाही.

स्वतःचं लेकरू हा सगळ्यात नाजूक भाग. दुसऱ्यांच्या मुलांना तुम्ही हसून, टाळ्या वाजवून शिकवता आणि ते दाराच्या फटीतून बघत असतं. तासाच्या आधीची पंधरा मिनिटं त्याची ठेवा. तेव्हा अभ्यास नको, नुसतं जवळ बसायचं, खायला द्यायचं, शाळेतल्या तक्रारी ऐकायच्या. त्या पंधरा मिनिटांत पोट आणि मन भरलं की चाळीस मिनिटं ते बाहेर खेळतं. आपल्याच बॅचमध्ये त्याला बसवू नये, असं माझं मत आहे. आई तिथे मॅडम झालेली त्याला रुचत नाही, आणि तुमचा राग नेमका त्याच्यावर आधी निघतो. फार लहान असेल, तीन वर्षांच्या आतलं, तर दुसरं माणूस घरात असल्याशिवाय तास ठेवू नका; झोपेल या भरवशावर तर अजिबात नको.

दाराच्या कडीला एक लाल ओढणी बांधायची. ओढणी दिसली की आत यायचं नाही. वाचता न येणाऱ्यालाही कळते.

पायरी चौथी: जागा, वीज, नेट

जागा भिंतीकडे पाठ करून निवडा, म्हणजे मागून कोणी टॉवेल गुंडाळून जाणार नाही. खिडकी समोर हवी. पाठीमागे आली तर चेहरा काळा दिसतो. मोबाइल डोळ्यांच्या उंचीला, चार डबे एकावर एक ठेवले तरी चालतं. सुरुवातीला लॅपटॉप नसला तरी अडत नाही, पण हातात धरून शिकवू नका. वायरचा, माइक असलेला हेडफोन मात्र घ्याच.

आवाजाचा आपला खास शत्रू म्हणजे कूलर. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो, कूलर बंद केला तर जीव जातो, चालू ठेवला तर पलीकडच्याला पीठगिरणीत बसल्यासारखं ऐकू येतं. तासाच्या आधी खोली गार करून घ्यायची, तास सुरू झाला की कूलर बंद करून पंखा कमी गतीवर ठेवायचा. झूमच्या सेटिंगमध्ये मागचा आवाज कमी करायची सोय आहे, ती 'हाय'वर ठेवा. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात दुपारचे तास घेऊ नका. सकाळी सात ते साडेआठ बरे. शाळाही तेव्हा सकाळच्या असतात किंवा सुट्ट्या लागलेल्या असतात.

वीज गेली तरी तास चालावा यासाठी घराला इन्व्हर्टर असलाच पाहिजे असं नाही. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर बघा, बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं. त्यावर राउटर दोन-तीन तास सहज निघतो. पण सगळ्या भागाचीच वीज गेली की कधी कधी केबलवाल्याच्या चौकातल्या पेटीचाही दम निघतो, मग तुमचा राउटर चालू आणि नेट बंद. त्यासाठी मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा, त्याचा हॉटस्पॉट. व्हिडिओ तासाला साधारण एक जीबीच्या आसपास डेटा खातो, कधी जास्तही. रोज दीड जीबीच्या पॅकवर लागोपाठ दोन तास घेता येणार नाहीत. वीज फार वेळ गेली तर टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात. अशा वेळी तास पुढे ढकलायचा आणि पालकांना तसं कळवायचं. एवढ्या गोष्टीला पालक समजून घेतात, कारण त्यांच्या घरातही अंधारच असतो.

झूमचं मोफत खातं ४० मिनिटांनी मीटिंग बंद करतं. बरंच आहे. तास ४० मिनिटांचाच ठेवा, लेकरांचं लक्षही त्यापुढे टिकत नाही. गूगल मीटवर मोफत खात्याला तिघं किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटं मिळतात, दोघांच्या तासाला ती अडचण येत नाही.

शिकवणीसाठी वेगळा नंबर आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या. त्यात कामाची वेळ टाकता येते आणि बाकीच्या वेळी आपोआप उत्तर जातं. रात्री अकराला 'मॅडम, उद्याचा होमवर्क काय' येणारच. त्याला उत्तर मशीनने द्यावं. साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि मुलींच्या आयांना ते नको असतं. त्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, फक्त समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असावा लागतो. मुलांशी थेट खासगी चॅट करू नका, निरोप पालकांच्याच नंबरवर जाऊ द्या. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी लेखी विचारा, आणि स्टेटसला विद्यार्थ्यांचे फोटो टाकू नका.

पायरी पाचवी: पहिला तास

पहिला तास मोफत द्यावा, पण एका वेळी एकालाच आणि वीसच मिनिटांचा. त्यात शिकवू नका, ऐका. नाव, घरी कोण आहे, आज काय खाल्लं, काल काय केलं, उद्या काय करणार. एवढ्यात तिन्ही काळ तपासून होतात. मग बालभारतीच्या दोन इयत्ता खालच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात, छापील विकत घेण्याची गरज नाही. मोठ्या माणसांसाठी युरोपात वापरतात ती ए१ ते सी२ ही पातळ्यांची पट्टी पाहून ठेवा, म्हणजे 'माझी लेव्हल काय' या प्रश्नाला उत्तर देता येतं.

नेहमीच्या तासात तुमचं बोलणं पंधरा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. उरलेली पंचवीस मिनिटं मुलांची. पाच जणांच्या बॅचमध्ये प्रत्येकाला पाच मिनिटं येतात, दहा जणांत अडीच. अडीच मिनिटांत कोणी बोलायला शिकत नाही, म्हणून सहापेक्षा मोठी बॅच 'स्पोकन' या नावाने विकू नये, असं मला वाटतं.

विषय जवळचे घ्या. परभणीच्या मुलाला लंडनच्या पावसावर पाच वाक्यं सुचणार नाहीत. बाजार समितीत सोयाबीनचा काटा कसा होतो, हे मात्र तो हातवारे करून सांगेल आणि शब्द अडला की विचारेल. तो विचारतो तो शब्द त्याला कायमचा राहतो. वेरूळची सहल, आजीचं गुडघेदुखीचं औषध, क्रिकेटमधला वाद, सगळं चालतं. चुका बोलताना तोडून दुरुस्त करू नका. कागदावर टिपा, शेवटच्या पाच मिनिटांत नाव न घेता फळ्यावर लिहा, मुलंच ओळखतात.

साहित्य जमवण्यात रात्री घालवू नका. ब्रिटिश कौन्सिलचं 'लर्नइंग्लिश किड्स' लहानांसाठी आणि केंब्रिजचं 'राइट अँड इम्प्रूव्ह' मोठ्यांच्या लेखनासाठी, दोन्ही मोफत आहेत. एकदा केलेला तास दुसऱ्या बॅचला वापरा. वही ठेवा, त्यात तारीख, काय घेतलं, कोण अडलं, एवढंच.

पायरी सहावी: फी

दर ठरवताना गावातल्या ट्युशनचा दर विचारून त्यात शंभर कमी करायची सवय आहे आपल्याला. तसं करू नका. हिशेब मांडा. समजा पाच मुलांची बॅच, महिन्याला प्रत्येकी ६०० रुपये, आठवड्यात तीन तास. महिन्याचे ३,००० झाले. बारा तासांचे आठ घड्याळी तास आणि प्रत्येकामागे अर्धा तास धरून सहा, असे चौदा. तासाला २१४ रुपये पडले. याउलट एकट्या मुलाला १५० रुपयांत चाळीस मिनिटं शिकवलीत, तर तयारीसकट तासाला साधारण १२९ च हाती येतात. एकट्याचा तास हवा असेल त्याने दुप्पट मोजावे, यात संकोच कसला?

फी आगाऊ, महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. नोकरदार घरांना हे जमतं. शेतकऱ्याच्या घरी मात्र पगाराची तारीख नसते. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकतं, कापसाचे पैसे त्यानंतर टप्प्याटप्प्याने येतात, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. अशा घरांना तीन महिन्यांची फी माल विकल्यावर एकदम द्यायची सोय ठेवा, पण तारीख आणि रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. एका घराची उधारी तीन महिन्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. पुढे गेली की ते लेकरू लाजून तास चुकवायला लागतं. पैसे बुडतात ते बुडतात, विद्यार्थीही जातो. नात्यातल्यांची मुलं येतीलच. त्यांना फीत सूट द्या, फुकट नको. फुकटच्या तासाला 'आज पाहुणे आलेत' हे कारण आठवड्याला दोनदा येतं.

पैशासाठी वेगळं बचत खातं उघडा, यूपीआय त्यालाच जोडा. घरखर्चात मिसळलेला पैसा दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या पैशाला घरात मान नसतो. नेटचं बिल त्याच खात्यातून जाऊ द्या. वर्षाचं एकूण उत्पन्न, नोकरीचं धरून, नव्या करप्रणालीत ४ लाखांच्या वर गेलं की विवरणपत्र भरावं लागतं. २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत करसवलतीमुळे सहसा कर शून्य येतो, तरी भरणं चुकत नाही. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे, तिथवर पोचलात तर सीए गाठा.

पायरी सातवी: वर्षाची आखणी

जूनमध्ये फी घेतानाच वर्षाच्या सुट्ट्या पालकांना पाठवून द्या. पोळा, महालक्ष्म्यांचे तीन दिवस, घटस्थापना आणि दसरा, दिवाळीचा आठवडा. लातूर-धाराशिवकडे येळवस, म्हणजे वेळ अमावास्याही यादीत घाला. त्या दिवशी सगळं गाव शेतात भज्जी आणि आंबील घेऊन बसलेलं असतं, ऑनलाइन येणार कोण? महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी 'एकच तास घेते' असा मोह होतो. फराळ, आरास आणि पाहुणे सांभाळून तो तास धड होत नाही आणि सणही नासतो.

फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे. दहावीची मुलं जानेवारीतच गळतात, ते उत्पन्न धरू नका. एप्रिल-मे लग्नसराईचे, नेहमीच्या बॅचा बंद ठेवून वीस दिवसांचा एक सकाळचा बोलण्याचा वर्ग घ्या, त्याला गर्दी होते आणि मे अर्धा झाला की तुम्ही माहेरी जायला मोकळ्या.

दर तीन महिन्यांनी तो पहिला कागद पुन्हा काढा. लेकरू वरच्या वर्गात गेलं, सासऱ्यांचं ऑपरेशन ठरलं, कंपनीने शिफ्ट बदलली, की पट्ट्या सरकतात. बॅच कमी करावी लागली तर महिनाभर आधी सांगा, उरलेली फी न मागता परत करा, आणि त्या मुलांना दुसऱ्या चांगल्या शिक्षिकेचा नंबर द्या. वाढवायची असेल तर नवी बॅच उघडण्याआधी जुनीची फी वाढवून पाहा. दोन विद्यार्थी गेले आणि पैसे तेवढेच राहिले, तर नव्या बॅचची गरजच उरत नाही. तिला लागणारी संध्याकाळ घरात राहते.